बरणीत तीन बोटं

व्होल्गा जिथे उभी राहायची
तिथे अंगणाच्या फरशीवर एक काळा डाग होता,
माझ्याहून वयाने मोठा.
मांजरंही त्याला वळसा घालून जात.
बाबा म्हणायचे, गळत नाही गं ती,
घामेजते.

मी टॉर्च धरायचे. तेवढंच माझं काम.
"इथे नाही, तिथे. हलवू नकोस."
इंजिनाच्या बगलेतून एक नळी निघून
सरळ खाली, रस्त्याकडे तोंड करून संपायची.
चौसष्ट साली कारखान्याने एवढाच विचार केला होता:
पिस्टनच्या रिंगांशेजारून जो जाळ निसटेल,
तेलाला चाटून क्रँककेसमध्ये कोंडेल,
त्याला वाट द्या, आणि विसरा.
गाडी पळत असली की वारा धूर ओढून नेतो.
पण स्टेशनजवळच्या सिग्नलला थांबलं
की वारा नाही, ओढ नाही,
धूर वर येतो, डॅशबोर्डाखालून आत,
आणि बसतो आईच्या चांगल्या कोटात.

आईने तो कोट घालणं सोडलं.
मग गाडीत बसणं.
मग बाबांशी बोलणंही कमी केलं,
पण त्याचा दोष सगळाच इंजिनावर टाकता येत नाही.

पहिल्यांदा बाबांनी नळीला बूच मारलं.
दोन दिवसांत मागचं पॅकिंग सुटलं,
डाग दुप्पट.
"कोंडलं की कुठून तरी फुटतंच, नुग्झार,"
वरच्या सज्जातून मक्वाला म्हणाली,
आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिली.
दुसऱ्यांदा नळी थेट मॅनिफोल्डला जोडली.
इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागलं.
प्लग काळे, मागे निळा धूर,
आणि उभ्या उभ्या असं अडखळायचं
जसा मेजवानीत पेला उंचावून
उचकी लागलेला म्हातारा भाषण करतो.

ऑक्टोबरात मक्वालाने चाचा गाळायला घेतली,
द्राक्षाच्या चोथ्याची.
तांब्याचं भांडं, वाकडी नळी, पाण्याचं पिंप.
बाबा शेजारी तासभर बसले,
पेला हातात, न पिता.
"वाफेला घाई असते," ती म्हणाली.
"थंड जागी जरा थोपवायची.
मग आपली आपण उतरते."

त्या रात्री आंबट आलुबुखाराच्या चटणीची
दोन लिटरची बरणी रिकामी झाली.
झाकणाला दोन भोकं, दोन पितळी नळ्या,
एक लांब, एक आखूड,
आणि आत तारेची घासणी,
कोरी, आईच्या फडताळातली.
बरणी बसवली रेडिएटरच्या कडेला, वाऱ्याच्या तोंडी,
रबरी पट्ट्यांत आवळून,
तान्ह्याला पाळण्यात बांधतात तशी.
पुढे मॅनिफोल्डच्या वाटेवर एक झडप:
रुस्तावीच्या बाजारात, उजव्या स्टिअरिंगच्या
एका जपानी गाडीच्या कलेवरातून काढलेली, पाच लारींना.
बाबांनी ती माझ्या कानाशी नेऊन हलवली.
टक टक.
"वाजतेय? म्हणजे जिवंत आहे.
मुकी असेल ती घ्यायची नाही."

गोंबोरीचा घाट चढून गेलो.
मक्वाला मागे, मांडीवर पावाची पिशवी.
माथ्यावर बॉनेट उघडलं तर
बरणीत तीन बोटं साचलेली:
खाली राखी पाणी,
वर दुधाळ कॉफीच्या रंगाची साय.
एवढं आपण इतकी वर्षं
सोडत होतो? कुणावर?
मी विचारलं. बाबा फडकं शोधत होते.
मक्वालाने वास घेतला, नाक मुरडलं,
"पहिली धार फेकायचीच असते," म्हणाली,
आणि पाव मोडला.

डाग गेला नाही. सोडा झाला, रॉकेल झालं.
एका रविवारी आई फडताळ उचकत होती.
"माझी नवी घासणी कुठाय?"
"इंजिनात," बाबा म्हणाले.
त्या महिन्यातलं हे त्यांचं
सगळ्यात लांब संभाषण.

ती खाली आली. पुढच्या सीटवर बसली.
काचा वर. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी.
पाच मिनिटं असतील.
काही बोलली नाही,
नुसती श्वास घेत होती.
कोट मात्र तो नव्हता,
रोजचा होता.