यजमान

बाहेर वेर्ण्याचं पठार तापलेलं, कुंपणापलीकडून बोंडूंचा वास.
आत सर्व्हरच्या खोलीत शाल पांघरून
दर शुक्रवारी मी पाहुणे पुसते.

अतिथी म्हणे ज्याला तिथी नसते.
इथे तिथीशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही:
नाव, कोणाकडे आलात, किती तास.
सहा वाजता दार आपोआप बंद,
जेवून जा म्हणायची सोय नाही.

आज एक सापडला, पाहुणा सत्तेचाळीस.
कुस्तोदियो बार्रेतो, लोटली.
काम बॉयलरचं, मुदत एक दिवस.
तो एक दिवस चार वर्षं चाललाय.
यजमानाच्या रकान्यात शिरोडकर,
जे कधीच निवृत्त होऊन सावर्ड्याला गेले.

रिसेप्शनवर फोन लावला.
"तो खाली बॉयलरकडे असतो गो," जुलियाना म्हणाली,
"शिरोडकरबाब सांगून गेले, ह्याला रोज सकाळी आत घे.
कधीपर्यंत, ते नाही सांगितलं."

यजमान नसलेला पाहुणा पुसावा, असा नियम.
कर्सर लुकलुकत राहिला.

शिरोडकर खोडून मी माझं नाव घातलं.
मग त्याने तारीख मागितली.
माझं कंत्राट संपतं
तीच दिली.