आमच्या दाराचे कोन

खरात सर म्हणाले, "उद्या येताना घरचे कोन आणा.
उचलून नको रे, मोजून!"
मिहिकाने कात्री घेतली, जॉयस्टनने पंख्याचं पातं,
मी घेतलं आमचं दार.

काळाचौकी, दुसरा मजला, खोली एकवीस.
बिजागरीखाली कोनमापक ठेवला,
फरशीवर खडूची रेघ ओढली
आणि दाराला म्हटलं, हं, सरक.

मांजराचं डोकं आत येईल इतकंच सरकलं.
वीस अंश. लघुकोन.
इस्त्रीवाल्याचं गाठोडं मावेल इतकं?
पन्नास. तोही लघुच.
नव्वदच्या अलीकडचे सगळे लघु,
अगदी एकोणनव्वदसुद्धा, बिचारा!

मग ढकललं जोरात, तर ठक्!
ऐंशीवर दार अडलं.
काटकोनाच्या वाटेत
आमची खाट.

काटकोन मग खाली जाऊन बघितला,
बागवे मिस्त्रींच्या गुण्यात.
"बरोब्बर नव्वद," ते म्हणाले,
"केसभर चुकला तर कपाट कुरकुरतं."
शून्य कोनासाठी रात्री अकरापर्यंत जागले,
कारण आमच्या चाळीत दिवसा
दार कुणी लावतच नाही.

पण विशालकोन? तो कुठून आणू?
वहीत खरं ते लिहिलं:
आमच्या घरात विशालकोन मावत नाही.
वर्ग हसला.
सर हसले नाहीत. लाल पेनने लिहिलं, "थांब जरा."

रविवारी आईचं शिलाई मशीन आलं,
जुनं, जड, पायाने चालवायचं.
बाबा, बागवे मिस्त्री आणि समोरचे अन्वरचाचा,
तिघे मिळूनही ते आत जाईना.
"खाट उभी करा! दार सोडा मोकळं!"

आणि दार निघालं.
नव्वद. शंभर. एकशे वीस...
"थांबा! तिथेच थांबा!"
मी फरशीवर पालथी, हातात खडू.
एकशे पस्तीस!
"अगं, हात तुटले आमचे," बाबा म्हणाले.
"एकच मिनिट! विशालकोन आलाय घरी!"
नंतर दार भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं,
एकशे ऐंशी, सरळकोन,
जन्मात पहिल्यांदा त्याने आळस दिला असेल.

संध्याकाळी आईने मशीनचं चाक फिरवलं.
अर्धा फेरा झाला, थोडं पुढे गेलं
आणि दोरा तुटला.
"प्रविशाल!" मी ओरडले.
"गप बस," म्हणत तिने दोरा ओवला.
चाक पुन्हा फिरलं, निघालं तिथेच येऊन पोचलं.
तीनशे साठ. पूर्ण कोन.
आणि माझ्या फ्रॉकची उसवलेली बाही
एक टाका मिटली.

आता खाट पुन्हा जागेवर आहे.
दार पुन्हा ऐंशीवर ठक् करतं.
पण खाटेखाली वाकून बघा:
एकशे पस्तीसची रेघ अजून तशीच आहे.
तिथे झाडू पोचत नाही.