एक पाय पाण्यात

केवळबाई पौषापासून तापीच्या काठी उभी आहे.
एक पाय वाळूत, एक पाण्यात,
डोक्यावर गोधडीचं गाठोडं.
नाववाल्याने हात पुढे केलाय,
तो हात अवघडला असेल एव्हाना.
माझ्यामुळे.

चोपड्यात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी.
लोक म्हणतात, एवढ्या खडखडाटात बाई लिहिते कशी?
पट्टा फिरतो तोवरच तर लिहिते,
तेवढा वेळ कोणी काही विचारू शकत नाही.
लाइट गेली की सगळे ओट्यावर टेकतात.
कोणाच्या बोअरला पाणी लागेना,
कोणाची सून माहेराहून येईना,
लोटन आप्पांना पेन्शनचा अर्ज भरून हवा असतो,
माझं अक्षर चांगलं म्हणून.
चांगल्या अक्षराने माझं फार नुकसान केलंय.

माघात नणंदेला जळगावला सिव्हिलमध्ये ठेवलं.
एकोणीस दिवस.
वही सोबत नेली, म्हटलं रात्री लिहू.
लिहिलं ना.
पान बावन्न: सलाईन दोन वाजता, लघवी अडीचशे,
ताप एकशे एक, मोसंबी नको म्हणाली.
पान त्रेपन्न, चौपन्न, तेच.
पंचावन्नवर केवळबाई, होती तिथेच.
ती पानं मी फाडली नाहीत.
नणंद आता भाकरी मागून खाते
आणि गिऱ्हाइकांना सांगते, मी पुस्तकात आहे.

मग उन्हाळा. सेहेचाळीस डिग्री.
गावभराच्या बिबड्यांची ज्वारी दारात थप्पीने.
पीठ घामाला चिकटतं, घाम कागदाला,
पेन्सिल नुसती सरकते, उमटत नाही.
चैत्रात एक ओळ झाली होती.
वैशाखात ती खोडली.

नसीरभाई दगडांना टाकी लावायला आले.
दिवसभर गिरणी बंद, दिवसभर टकटक.
म्हणाले, दगड गुळगुळीत झाला की दळत नाही बाई,
दाणा नुसता गरगरतो, पीठ करपतं.
हे लिहून ठेवावं म्हणून वही उघडली,
तर त्यांनी चहा मागितला.

काल धुरपताबाई आल्या, कळण्याचं दळण घेऊन.
त्यांच्या आजोबांची नाव होती तापीवर.
लाइट नव्हतीच.
"पुस्तक कोठलोंग उनं वं, माय?"
"नदीमाच शे अजून."
"मंग पानी जास्त व्हई."
मी हसले, आणि वाचून दाखवलं. पहिल्यांदाच कोणाला.
त्या ऐकता ऐकता उडदातले खडे निवडत होत्या.
मग हात थांबवून म्हणाल्या,
"नावमा पाय ठेवाना पहिले नावना पाया पडतस.
इतलं बी माहीत नही तुना केवळबाईले?"

पाच महिने.
पाच महिने मी पाण्याची खोली मोजत होते,
तिच्या मनात काय चाललंय ते शोधत होते,
नवऱ्याची आठवण काढून पाहिली, लेकराची काढून पाहिली,
आणि तिला फक्त वाकायचं होतं.

लाइट आली. पट्टा चढवला.
ज्वारी-उडीद पाळीत सोडले
आणि हिशेबाच्या पेन्सिलीने लिहिलं:
केवळबाई वाकली.

दोन शब्द. पण झाले.
आता अडचण अशी की
वाकताना डोक्यावरचं गाठोडं पडणार.
वाळूत पडलं तर ठीक,
पाण्यात पडलं तर पुढची तीन प्रकरणं बदलतात.
एका हाताने धरेल का ती?
नाववाला धरेल का?

दारात कोणीतरी डबा आपटतंय.
हरभरा असेल.