चौदा नंबर

बांधाला नाव नाही. नेब्रास्काच्या कागदांत चौदा नंबर,
आणि खाली माझ्या सासऱ्यांची सही: बोहुमिल ह्रूष्का,
अकरा एकर तळजमीन, कायमची, एकोणीसशे एकसष्ट.
"खालच्या गावासाठी? ज्यांच्या बँकेनं
मला बियाण्याला पैसे दिले नाहीत?"
असं म्हणाले, आणि सही केली.
का, ते कुणाला सांगितलं नाही.
पन्नासच्या पुरात भावाचं घोडं पुलाला अडकून मेलं,
एवढंच एकदा बोलले,
तेही चेक भाषेत, गोठ्यात, गाईंपाशी.

तीस फूट मातीचा भराव, गवत,
एक उभा पाइप, वर गंजकी जाळी.
येणारेजाणारे तळं समजून गळ टाकतात.
पण काम तळ्याचं नाही,
तळ्याच्या वर जी कोरडी जागा राखलीय, तिचं.
सासूबाई नाताळच्या आदल्या रात्री
एक ताट जास्त मांडायच्या.
कुणासाठी, ते विचारायचं नाही.

दर मे महिन्यात मी चालते.
पाणउंदरांची बिळं मोजते, ओल बघते, वहीत लिहिते.

यारोमिर गेला त्या वर्षी मागच्या उतारावर
कॉटनवुडचं रोप उगवलं.
गवत कापायचं यंत्र मी बाजूनं वळवून नेलं.
पुढच्या वर्षीही.
तिसऱ्या वर्षी ते खांद्याला लागलं,
वारा नसला तरी पानांची कुजबुज.

जिल्ह्याहून आलेल्या डस्टिननं त्याला नारिंगी फीत बांधली.
"मूळ कुजलं की पोकळी राहते, बाई. पाणी तीच शोधतं."
हे मला त्याच्या जन्माआधीपासून ठाऊक.
तरी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू."
तो बूट झटकत राहिला.

रविवारी करवत मीच नेली.
खोड मनगटाएवढं, मुळाला मात्र अख्खी दुपार.
खड्डा चिकणमातीनं भरला,
थरावर थर, गुडघ्यांनी दाबून.

अकरा जूनच्या रात्री सात इंच पडला.
जाळी बुडाली, कुंपणाचे खांब बुडाले,
पाणी सांडव्याच्या गवताला ओठ लावून थांबलं.
मी पलीकडे, त्या बुजवलेल्या खड्ड्यापाशी.
वरून सगळं चिंब, म्हणून बोटं खुपसून बघितली,
कोपरापर्यंत. आतली माती घट्ट.
चार वाजता पुन्हा.
घट्ट.

चार दिवस पाइप घोटघोट सोडत राहिला.
शनिवारी खालच्या गावात बेसबॉलचा सामना झाला,
ठरल्या वेळेला.
हरले.

वहीत नुकसानीच्या रकान्यात रेघ मारली.
भरावावर मक्याच्या धाटांची एक ओळ उरलीय,
पाणी कुठवर आलं होतं त्याची,
आणि तीत अडकलेली पांढरी प्लास्टिकची खुर्ची,
चारही पाय धड.
वरच्या कुणाची तरी असेल.
धुऊन टेबलापाशी ठेवलीय.