साडेतेरा मीटर

साक्रीच्या वरच्या पठारावर
माझ्याकडे अकरा पवनचक्क्या आहेत.
माझ्याकडे म्हणजे कंपनीच्या. मी फक्त चढतो.
ऐंशी मीटर शिडी, कमरेला हुक.
वर पोचलं की वारा आधी कानात शिरतो,
मग बाकीच्या अंगाची चौकशी करतो.

सात नंबरच्या बुडाशी एक अंजन आहे.
वरून बघितला तर कोथिंबिरीची जुडी,
खाली उतरलं की छपराएवढा.
त्याच्या खालच्या फांदीला मी हेल्मेट अडकवायचो,
सहा वर्षं.
पट्टा घासून घासून सालीला खाच पडली होती,
अंगठी काढल्यावर बोटाला वळ राहतो तशी.
तिथेच डबा, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा,
तिथेच डुलकी,
तिथेच बायकोशी फोनवर भांडण,
कारण रेंज यायची ती बुंध्याला पाठ टेकली तरच.
लेकीचं नाव सुरंगी ठेवायचं की नाही
हेही तिथंच ठरलं.
झाडाने त्यात काही मत दिलं नाही.

अंजनाचं पान म्हणजे जोडपान.
एका देठाला दोन पाती,
कुणी हात जोडायला घेतले
आणि मधेच काहीतरी आठवलं, तशी.

चैतात सात नंबरचं पातं तडकलं.
धुळ्याहून क्रेन आली,
मागून टेप घेतलेला साहेब.
वाट हवी चौदा मीटर.
त्याने एक टोक धरलं, मी दुसरं.
साडेतेरा.

झाडच काढू, तो म्हणाला.
एक फांदी पुरेल, मी म्हणालो.
कोणती, ते कुणी विचारलं नाही.

धुडकू ठेलारी मेंढ्या घेऊन उभा होता.
"झाडले इचारं का?"
थट्टेनंच म्हणाला.
पाला मिळणार म्हणून खुशीत होता तो.

अंजनाचं लाकूड कुऱ्हाड परत पाठवतं.
प्रत्येक घाव माझ्या दाढेत येऊन थांबला.
खाचेच्या चार बोटं मागे तोडली.
तांबूस कोवळी पानं
मेंढ्यांनी चहा होईस्तोवर संपवली.

मग तीन दिवस नुसते बसून.
क्रेनला वारा नको होता.
वाऱ्यावर पोट असलेला मी
पहिल्यांदाच तो पडायची वाट बघत होतो.
स्क्रीनवर आकडे नाचत होते, नऊ, अकरा, आठ,
क्रेनवाला पोरगा त्यांना शिव्या देत होता.
मी अंजनाखाली आडवा.
चौथ्या पहाटे
जोडपानं एकमेकांना लागायची थांबली.
मी उठून बसलो. म्हणालो, आता.
आकडा नंतर उतरला.
किंवा आधीच उतरला असेल,
मी बघितलाच नव्हता.

आता नवं पातं फिरतंय.
सकाळी नऊच्या सुमाराला त्याची सावली
अंजनावरून जाते, जाते, जाते.
खुंटाला काळसर डिंक आलाय.
मी हेल्मेट मांडीवर ठेवतो.

परवा उतरलो, दमलो होतो,
हात सवयीनं वर गेला,
हवेला हेल्मेट अडकवलं
आणि सोडून दिलं.
गडगडत गेलं ते थेट मेंढ्यांत.

कुणी बघितलं तर नाही ना,
म्हणून आधी धुडकूकडे पाहिलं,
मग वर.