कॉलम नंबर दोन, रबाळे

रात्री दहाला हवा वळवली दोन नंबरवर
आणि रजिस्टरात पहिला आकडा लिहिला: शून्य.
साडेदहा, शून्य. अकरा, शून्य.
ड्रायरमधून टोल्यूइन येतोय, वरून आत शिरतोय,
खालून निघते ती नुसती कोमट हवा.

आत काय चाललंय ते दिसत नाही, पत्रा आहे,
पण मला ठाऊक आहे:
वरचा कोळसा केव्हाच भरलाय,
तळाचा अजून कोरा,
आणि मधे वीतभर पट्टा, तिथे खरी झटापट.
तो पट्टा सरकतोय खाली, मुंगीच्या चालीनं.
तळाला टेकेपर्यंत माझं रजिस्टर
शून्यच लिहिणार.

कॉलेजात सर बजावायचे, शोषण नव्हे, अधिशोषण.
स्पंज शोषतो, आत घेतो, फुगतो.
कोळसा फक्त अंगावर बसू देतो.
गेटबाहेर युनियनचा फळा आहे,
त्यावर खडूनं तोच शब्द लिहिलाय,
'अधि' वगळून.

लडकू भोईरला रिटायर व्हायला सात महिने.
त्याला एकदा सांगितलं,
करवंटीचा हा कोळसा, एक ग्रॅम,
भोकं, भोकांतली भोकं, सगळी उलगडून पसरली
तर हजार चौरस मीटर भरतात.
तो बराच वेळ पेरं मोजत राहिला.
बापाची खाचरं गेली त्याच्या बदल्यात
साडेबारा टक्क्यांत प्लॉट मिळाला दीडशे मीटरचा,
तोही पाच भावांत.
"मंग मना चिमटीभर दे गो," म्हणाला,
"सिडकोला सांगतो, हिसाब मिटला."
आम्ही दोघं हसलो.
मग गोणीकडे बघत तो गप्प बसला, चहा निवेपर्यंत.

समतोल म्हणजे थांबणं नव्हे.
जितके रेणू चिकटतात तितकेच सुटतात,
म्हणून आकडा हलत नाही.
आमच्या गेटवर कंत्राटी हजेरी रोज चौसष्ट.
चौसष्टच भरते.
चेहरे मोजायला कुणी सांगितलेलं नाही.

तीन वाजून चाळीस: दोन.
चार: नऊ.
आणि वास आला, गोडसर,
नुकत्या उघडलेल्या रंगाच्या डब्यासारखा.
"लडकूदादा, फुटला कॉलम."
तो आउटलेटच्या नळीशी वाकला,
डोळे मिटून श्वास ओढला, पुन्हा ओढला.
"काय नाय गो. मीटर येडा झालाय तुजा."

पूर्वी मीटर बिघडला की साहेब म्हणायचे,
लडकूचं नाक लावा.
एकोणतीस वर्षांत ते नाक कधी भरलं,
पट्टा कधी तळाला टेकला,
याची नोंद कुठल्याच शिफ्टकडे नाही.

चार दहा: चौदा.
मी हातानं आकडा झाकला, उगाच.
त्यानं समोरून, उलटा वाचला,
काही न बोलता शिडी चढला,
एक नंबर उघडला, दोन बंद केला, वाफ सोडली.

वाफ खालून सोडतात, आला त्याच्या उलट वाटेनं.
टोल्यूइन सुटतो, थंड होतो, पाण्यावर तरंगतो,
आपण तो गाळून परत वापरतो.
सगळा मात्र सुटत नाही.
दर खेपेला थोडा खोलातल्या भोकांत राहतोच,
तो निघत नाही कशानं.
गेल्या दिवाळीत हाच कॉलम
उजाडेपर्यंत टिकायचा.

लडकू वाफेच्या पाइपाशी तळवे शेकत उभा.
"लिवलंस का गो त्यात, मना वास नाय आला ता?"
त्याला रकाना नाही, दादा.
"मंग शेऱ्यात लिव."

मी पेन झटकलं. शाई जेमतेम होती.
वेळ चार. वास:
मला, हो.
ल. भोईर, नाही.
त्यानं खाली सही केली, सावकाश,
प्लॉटच्या कागदांवर केली असेल तशी.