दोन मापं

पुराच्या वर्षी माझं मशीन समा रोडला होतं, तळमजल्यावर.
विश्वामित्री उंबरा ओलांडून आत आली
आणि समोरच्या सोसायटीच्या गेटाशी मगर.
कोणी सात फुटी म्हणालं, कोणी दहा.
टेप माझ्याच गळ्यात होती, पण मापायला कोण जाणार!

मापांची वही भिजली.
बॉलपेनची पानं नुसती निळी झाली,
पेन्सिलीची तशीच राहिली.

मग दांडिया बाजारात गाळा घेतला,
आणि निनादने, माझ्या भाच्याने, फोनमध्ये तक्ता करून दिला.
"मावशी, आता सगळं ढगात."
मी वर पाहिलं. पंखा होता.
"ढग म्हणजे लांब कुठेतरी एसीत ठेवलेलं दुसऱ्याचं मशीन.
भाड्याचं कपाट समज.
तू फोनवर लिहिलंस की तिथे जातं,
तिथून दुकानातल्या टॅबवर उतरतं."
"आणि टॅबवर पुसलं तर?"
"फोनवरूनही जातं."
म्हणजे वही एकच,
खिडक्या दोन.
"हे समजवायला अर्धा तास लागेल वाटलं होतं," तो म्हणाला
आणि माझा चहाही पिऊन गेला.

नवरात्रात चणिया-चोळ्यांच्या ढिगात नेटचं बिल भरायचं राहिलं.
त्याच आठवड्यात फणसे वहिनी आल्या, टॅबवरच लिहिलं:
छाती चाळीस.
"सैल शिव गं, लेकीच्या लग्नात मी जेवणार आहे."
मग टॅब कात्र्यांच्या खणात गेला,
त्याच्यावर काज-बटणाचे डबे, त्याच्यावर दिवाळी.

पौषात त्यांच्या घरी गेले, रावपुऱ्यात.
पलंगावर बसल्या बसल्याच त्यांनी हात वर केले.
टेप फिरून आली तरी
माझ्या हातात बरीच उरली.
मी गप्प.
"लिही, चौतीस. लाजतेस काय?"
फोनवर लिहिलं.

काल बिल भरलं, टॅब जागा झाला.
दोन बाण एकमेकांच्या शेपटीमागे फिरत राहिले,
थांबले,
आणि यादीत दोन नावं:
फणसे वहिनी.
फणसे वहिनी, दुसरी प्रत.

निनादला फोन लावला.
"मधे नेट नव्हतं ना, दोन्हीकडे बदल झालाय.
खरं कुठलं ते त्याला ठरवता येत नाही,
म्हणून दोन्ही ठेवलंय. नको ते तू पूस."

नको ते.

तारीख पाहिली तर चौतीसच खरं.
लग्न वीस दिवसांवर.
मोरपंखी रेशमावर खडूची रेघ मारली, चौतीसची,
आणि कात्री त्या रेघेवरून नाही नेली.
पुढून दीड इंच, मागून दीड, दोन्ही कुशींना,
एवढी माया आजवर कुणाच्या ब्लाउजात सोडली नव्हती.
चौकडे सहा होतात.
उसवून बघेल त्यालाच कळेल.

पुसलं काहीच नाही.
माया किती सोडली, तो रकाना तक्त्यात नाही.
अस्तराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं,
पेन्सिलीने.